अक्रोडाच्या कवचातलं बिऱ्हाड

शाळेच्या पुस्तकात फुलपाखराचं आयुष्य चार चित्रांत उरकतात. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू आणि मध्ये गोल फिरणारे बाण. त्या बाणांवर माझा जुना राग आहे. सगळी कहाणी कशी शाकाहारी आणि सज्जन! म्हणून एखाद्या मुलाने ‘विचित्र जीवनचक्र सांगा’ म्हटलं, की मी बेडूक आणि रेशीमकिडा ओलांडून थेट ‘लार्ज ब्लू’वर येतो. हे युरोपातलं निळं फुलपाखरू. लिनियसने 1758 मध्ये त्याला ‘आरिओन’ नाव दिलं. त्याची अळी मुंग्यांच्या घरी पाहुणी म्हणून जाते आणि यजमानांचीच पिल्लं खाऊन मोठी होते.

पहिला अंक साधा आहे. मादी जून-जुलैत रानटी थाइमच्या कळ्यांवर अंडी घालते. थाइम म्हणजे आपल्या ओव्यासारख्या वासाचं झुडूप. दोघांतही थायमॉल असतं, त्यामुळे तो वास मराठी नाकाला ओळखीचा वाटेल. अळी दोन-तीन आठवडे फुलं खाते. एकाच तुऱ्यावर दुसरी अळी भेटली तर तिलाही खाते. तीन वेळा कात टाकते आणि एका संध्याकाळी टपकन जमिनीवर पडते.

इथून पुढे इंग्लंडातले भलेभले हरले. एकोणिसाव्या शतकात तिथे फुलपाखरं जमवणं हा सभ्य गृहस्थांचा छंद होता आणि लार्ज ब्लूची पेटीतली किंमत मोठी होती. पण अळी पाळायला घेतली की तिसऱ्या कातीनंतर ती थाइमकडे ढुंकून पाहत नसे आणि मरून जाई. फ्रेडरिक फ्रोहॉक हा चित्रकार आणि कीटक-अभ्यासक वर्षानुवर्षं या कोड्यामागे होता. ब्रिटनमधल्या प्रत्येक फुलपाखराची अंड्यापासूनची कुंडली काढायचा त्याने ध्यास घेतला होता. मुलीचं नावही त्याने एका फुलपाखराच्या रंगप्रकारावरून ‘व्हॅलेझिना’ ठेवलं. लार्ज ब्लूच्या कुंडलीत मात्र दहा महिन्यांची जागा कोरी होती.

ती जागा भरायला 1915 साल उजाडलं. डॉ. थॉमस चॅपमन या कीटक-अभ्यासकांनी थाइमचं एक झुडूप उपटलं, तर मुळाशी मुंग्यांचं घर आणि त्यात ही अळी. तिच्या पोटात मुंग्यांच्या पिल्लांचे अवशेष निघाले.

आता माझा लाडका माणूस. कॅप्टन पुअरफॉय, केंट परगण्यातल्या ईस्ट फार्लीचे. फुलपाखरांच्या इतिहासात त्यांचं नाव बहुधा फ्रोहॉकच्या शेपटाला लावून येतं, हे मला अन्यायाचं वाटतं. चॅपमनना अळी सापडली, पण मुंग्यांच्या घरात ती कशी शिरते आणि आत करते काय, हे बघायचं तर ते घर टेबलावर आणायला हवं. पुअरफॉयनी अक्रोडाची अर्धी कवचं घेतली. कवचाच्या पोकळीत मिर्मिका गटातल्या लाल मुंग्या, त्यांची पिल्लं आणि लार्ज ब्लूची अळी असं बिऱ्हाड मांडलं. मुंग्यांना अंधार मिळाला आणि कवच उचललं की माणसाला आतलं दिसू लागलं. प्रयोगशाळा, अनुदान, काही नाही. न्याहारीनंतर उरलेली कवचं!

त्या कवचांतून आणि भोवतालच्या निरीक्षणांतून उलगडलेला दुसरा अंक असा. जमिनीवर पडलेली अळी कुठेही जात नाही, थांबते. मुंगी येते, मिशांनी चाचपते. अळीच्या पाठीवर एक ग्रंथी असते, तिच्यातून गोड थेंब येतो आणि मुंगी तो पिते. हे बराच वेळ चालतं. मग अळी एकाएकी अंग आक्रसते, डोक्यामागची कातडी फुगवते. मुंगीला ती वाट चुकलेलं आपलंच पिल्लू वाटते. ती अळीला जबड्यात धरून घरी नेते. पूर्ण वाढलेल्या अळीचं जवळजवळ सगळं वजन यानंतर चढतं, तेही मुंग्यांच्या पिल्लांवर. हिवाळा तिथेच झोपून काढायचा, वसंतात पुन्हा खायचं, तिथेच कोष करायचा आणि उन्हाळ्यात पंख न उलगडलेल्या अवस्थेत बोगद्यातून सरपटत बाहेर यायचं. हवेत उडण्याचे दिवस जेमतेम आठवडाभर.

फ्रोहॉकने 1924 च्या आपल्या दोन खंडी ग्रंथात ही पूर्ण कथा चित्रांसह छापली. पुअरफॉय यांचा स्वतःचा वृत्तान्त मात्र रॉयल एंटोमॉलॉजिकल सोसायटीच्या इतिवृत्तात आला 1953 साली. मोजकी पानं, आणि शीर्षक काय, तर ‘1915 व त्यानंतरच्या वर्षांत ईस्ट फार्ली येथे केलेल्या प्रयोगांचा अप्रकाशित वृत्तान्त’. छापून आलेला अप्रकाशित वृत्तान्त! अडतीस वर्षांनी.

मुलं इथे हमखास विचारतात, ‘मुंग्यांना कळत नाही?’ वासाने तर त्या फसतातच. पण 2009 मध्ये ट्यूरिनच्या फ्रान्चेस्का बार्बेरो आणि सहकाऱ्यांनी लार्ज ब्लूच्या एका भावकीतल्या जातीच्या अळ्या आणि कोष बारकाईने ऐकले. ते राणी मुंगीसारखा आवाज काढत होते, आणि कामकरी मुंग्या त्यांना राणीचा मान देत होत्या. याच भावकीच्या मागे एक गांधीलमाशीही आहे. ती वारुळात शिरते, असं रसायन सोडते की मुंग्या आपापसांत भांडू लागतात, आणि त्या गोंधळात अळीच्या अंगात अंडं घालून निघून जाते. ठकाला महाठक भेटतो तो असा.

असली मंडळी आपल्याकडेही आहेत. याच कुळातल्या ‘एपफ्लाय’ची अळी महाराष्ट्रात पिठ्या ढेकूण खाते, त्यांचीच पांढरी भुकटी अंगाला फासून त्यांच्यात वावरते आणि पुढे माकडाच्या तोंडासारखा दिसणारा कोष करते. जास्वंदीवर पिठ्या पडला की औषध फवारण्याआधी एकदा भिंगातून बघावं.

इंग्लंडात मात्र गोष्ट कळूनही फुलपाखरू कमी होत गेलं. आरोपी ठरलेलेच होते, जाळी घेऊन फिरणारे छांदिष्ट. 1930 च्या दशकात एका जागेला त्यांच्यापासून वाचवायला कुंपण घातलं. त्या कुंपणाने गुरंही बाहेर राहिली, गवत वाढलं आणि फुलपाखरू गेलं. पुढच्या राखीव जागांचंही तेच झालं. 1953 मध्ये सशांमध्ये मिक्सोमॅटोसिसची साथ आली आणि उरलंसुरलं गवत खाणारेही संपले. मला या साऱ्या मंडळींचा राग येतो तो एवढ्यासाठी, की मुंगीचा पत्ता 1915 पासून त्यांच्या हातात होता. कोणती मुंगी, आणि तिला काय लागतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

ते विचारलं जेरेमी थॉमस या तरुण संशोधकाने. 1972 पासून तो नैऋत्य इंग्लंडातल्या डार्टमूरच्या कडेला, या फुलपाखराच्या अखेरच्या वस्तीवर उन्हाळेच्या उन्हाळे ठाण मांडून बसला. त्याला दिसलं, की मिर्मिकाची कोणतीही जात अळीला घरी नेते, पण ती नीट तगते ती बहुतांशी मिर्मिका सॅब्युलेटी या एकाच जातीकडे. या मुंगीला ऊन लागणारी गरम माती हवी. दक्षिणेकडच्या उतारावरचं गवत तीनेक सेंटिमीटरच्या वर गेलं, की माती थंड होते, सॅब्युलेटी हटते आणि दुसरी मिर्मिका त्या जागेत पसरते. थाइम तेवढंच, अंडी तेवढीच, अळ्याही वारुळात जाताहेत. फक्त बाहेर कुणी येत नाही. उत्तर हाती आलं तोवर वस्ती सावरण्यापलीकडे गेली होती. 1979 मध्ये लार्ज ब्लू ब्रिटनमधून नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

पुढचं झटपट सांगतो. आधी गुरं चारून गवत खुरटं केलं, सॅब्युलेटी परतल्याची खात्री केली, आणि 1983 मध्ये स्वीडनच्या ओलांड बेटावरचा वंश आणून सोडायला सुरुवात झाली. थॉमस आणि डेव्हिड सिमकॉक्स यांनी हे काम वर्षानुवर्षं चालवलं. आज दक्षिण इंग्लंडातल्या कित्येक टेकड्यांवर हे फुलपाखरू उडतं. तिथे गुरं कधी सोडायची आणि कधी काढायची याचं वेळापत्रक असतं.

छांदिष्ट मात्र अगदीच निर्दोष नव्हते. 2017 मध्ये ब्रिस्टलच्या न्यायालयाने एका इसमाला लार्ज ब्लू पकडून मारल्याबद्दल दोषी ठरवलं आणि सहा महिन्यांची स्थगित शिक्षा दिली. त्याच्या घरी ती फुलपाखरं टाचण्या टोचून ठेवलेली सापडली होती. लार्ज ब्लूच्या काही टेकड्यांवर जूनमध्ये स्वयंसेवक लक्ष ठेवतात.