वावरातले गोल मांडलेले गोटे



एका शेतकरीदादांनी उन्हाळ्यात मला त्यांच्या बरड वावरात नेले. म्हणाले, "साहेब, हे गोटे उचलून धुऱ्यावर टाकतो. ट्रॅक्टरला आडवे येतात." पाहतो तर गोटे गोल रिंगणात मांडलेले! मी म्हटले, "दादा, एवढे राहू द्या."

आपल्या भागात अशी शेकडो शिळावर्तुळे आहेत. काटोल रस्त्याकडच्या जुनापाणीलाच तीनशेच्या आसपास आहेत. जुने लोक ती गवळ्यांच्या राज्यातली म्हणत. खरे पाहता त्या अडीच हजार वर्षांहून जुन्या समाध्या आहेत.

यात खाप्याचे नाव मोठे आहे. हे खापा बुटीबोरीकडचे, टाकळघाटाजवळचे. सावनेर तालुक्यातले कन्हानकाठचे नव्हे. नागपूर विद्यापीठाच्या डॉ. शां. भा. देव यांनी १९६८-६९ साली तेथे उत्खनन केले. खाप्याला वर्तुळे, तर टाकळघाटला त्याच लोकांची राहती वस्ती निघाली. तोपर्यंत समाध्या दिसत, पण माणसे राहत कोठे हे कळत नव्हते.

बांधणी सोपी, पण मेहनतीची. मोठमोठे गोटे ओढून आणायचे आणि रिंगण करायचे. आत हाडे, मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या असे सामान ठेवायचे. त्यावर चिकट काळी माती दाबायची आणि वर दगडगोट्यांचा ढीग रचायचा. जुनापाणीच्या काही गोट्यांवर वाटीसारखे खळगेही कोरले आहेत. एक गोटा हलवायला किती माणसे लागली असतील, हे ज्याने विहिरीतला धोंडा काढला आहे त्याला सांगायला नको!

या भागातल्या वर्तुळांत घोड्यांची हाडे आणि लगामाच्या कड्याही सापडल्या. पारशिवनी तालुक्यातल्या नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी निघाली. ही माणसे शेतीही करीत. तांदूळ, जव, मसूर यांचे जळके दाणे मिळाले आहेत. वर्तुळे बहुधा मुरमाड, उंच जागी दिसतात. भारी काळी जमीन पेरायला ठेवून बरड जागा मेलेल्यांना दिली असावी, असे मला वाटते. जमिनीची पारख आपल्याआधी त्यांना होती म्हणायची.

गोटे एकदा हलले की खालची माती ढवळते, मग कोणता जिन्नस कोठे होता हे कोणालाच सांगता येत नाही. धन सापडेल म्हणून खणणाऱ्यांच्या हाती गंजके लोखंड आणि खापरेच येतात. शिवाय १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला मौल्यवान ठेवा कलेक्टरांना कळवावाच लागतो. असे रिंगण दिसले तर तहसीलदारांना किंवा नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयाला कळवावे.

त्या दादांनी रिंगण सोडून भोवताली तूर पेरली. चार तास कमी झाले म्हणून ते अजून कुरकुरतात, पण पाहुणे आले की आधी तेथेच नेतात.