अणूचे दर्शन : पडद्यावर व मैदानावर

इयत्ता आठवीच्या 2018 सालच्या विज्ञान पुस्तकातील ‘अणूचे अंतरंग’ हा पाठ शिकविताना शिक्षकाची मुख्य अडचण ही, की जे दाखवावयाचे ते डोळ्यांना दिसत नाही. अशा ठिकाणी ‘संवर्धित वास्तव’ हे नवे साधन उपयोगी पडते. मोबाइलचा कॅमेरा वर्गाचे दृश्य टिपतो व पडद्यावर त्याच दृश्यात अणूची आकृती उभी राहते. मुलाने मोबाइल घेऊन तिच्याभोवती फेरी मारली की तिची दुसरी बाजू दिसते. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेने गूगलच्या साहाय्याने 2019 साली याच पद्धतीने विश्वाची व पहिल्या कणांची उत्पत्ती दाखविणारे ॲप प्रसिद्ध केले.

परंतु अशा आकृतीत एक उणीव राहते, ती शिक्षकानेच भरून काढावयाची आहे. आकृती पडद्यावर मावावी म्हणून केंद्रक लिंबाएवढे व इलेक्ट्रॉन त्यापासून वीतभर अंतरावर दाखवितात. मुलाच्या मनात तेच प्रमाण ठसते. वस्तुतः हायड्रोजनचा अणू आपल्या केंद्रकाहून सुमारे साठ हजार पट रुंद असतो. सोन्याच्या पातळ पत्र्यातून बहुतेक अल्फा कण सरळ पार गेले, अगदी थोडे मागे उलटले. यावरून रदरफोर्ड यांनी 1911 साली केंद्रकाची कल्पना मांडली. अणूतील हे रितेपण न उमगल्यास तो प्रयोग केवळ पाठांतराचा विषय होतो.

म्हणून मोबाइल उघडण्यापूर्वी मुलांना मैदानावर न्यावे. पिंपळगाव राजासारख्या गावी ज्वारीचा दाणा सहज मिळेल. सुमारे चार मिलिमीटरचा तो दाणा केंद्रक मानून जमिनीवर ठेवावा व एका मुलास दोरीने मोजीत 120 मीटर चालत जाण्यास सांगावे. मैदान अपुरे पडल्यास शेताची वाट धरावी. तो मुलगा थांबेल तेथे अणूची कड येते. मध्ये काय आहे, हे मुलांनाच विचारावे.

मग वर्गात येऊन आकृती दाखवावी व ‘या चित्रात चुकीचे काय?’ असा प्रश्न घालावा. मोबाइल एकच असल्यास पाच-पाच मुलांनी पाळीपाळीने पाहावे. इतरांनी आपले उत्तर वहीत लिहावे.

शेवटी मुलांस तळहात आडवे पसरावयास सांगावे. विश्वकिरणांमुळे वातावरणात उत्पन्न होणारे म्युऑन नामक कण प्रत्येक तळहातातून दर सेकंदास सुमारे एक या प्रमाणात पार जात असतात. कण केवळ पडद्यावरचे नव्हेत, हे मुलास तेथे पटेल.