वेताळ आणि लाल पेन्सिल

आमची मुलुंड पूर्वेची इमारत पुनर्विकासाला निघाली आणि सारा संसार खोक्यांत कोंबायची वेळ आली. माळ्यावरून अण्णांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. त्यात पेन्शनचे कागद, शाळेचा ग्रुप फोटो आणि तळाशी मुखपृष्ठ नसलेला एक ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा अंक. मी उडालोच! स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून पंचवीस पैशांना आणलेला हा वेताळ अण्णांनी १९७३ च्या वार्षिक परीक्षेत जप्त केला होता. तो बंबात गेला, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती.

आजच्या नातवंडांसाठी सांगतो. ली फॉकचा ‘फँटम’ १९३६ साली अमेरिकेत वर्तमानपत्रांतून अवतरला. टाइम्स समूहाने १९६४ च्या मार्चमध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, तेव्हा पहिल्याच अंकात तो होता. मराठीत त्याचा वेताळ झाला. १९९० साली इंद्रजाल बंद पडलं.

वेताळ म्हटल्यावर आमच्या आजीने हात जोडले होते. ती वेंगुर्ल्याकडची. आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून भक्त त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात. तिने चित्र निरखलं आणि विचारलं, “ह्येच्यो चपलो खंय?” बूट घालणारा, पँटवरून चड्डी चढवणारा वेताळ तिने काही देव्हाऱ्याजवळ येऊ दिला नाही.

पुढे मी बँकेत तीस वर्षं काढली. आता अंक हाती घेतला तर भलत्याच शंका येऊ लागल्या. जंगल गस्तीदलाच्या कचेरीत एक तिजोरी असते. दलाचा सेनापती कोण, हे कुणालाच ठाऊक नाही. त्याचे हुकूम त्या तिजोरीत मिळतात. वेताळ भुयारातून येतो, तिजोरीच्या तळातून चिठ्ठी सरकवतो आणि वर दिवा लागतो. आमच्याकडे तिजोरीला दोन किल्ल्या, दोन अधिकारी, दोन सह्या! तळ उघडणारी तिजोरी ऑडिटरला सापडती, तर मॅनेजरची बदली थेट डेंकालीला झाली असती.

शिवाय वेताळाची नेमणूक. लोकांना वाटतं तो अमर आहे. प्रत्यक्षात बाप गेला की मुलगा कवटीवर हात ठेवून शपथ घेतो आणि कामावर रुजू होतो. असे एकवीस झाले. आमच्या भाषेत ही अनुकंपा तत्त्वावरची भरती.

अण्णा मराठी शाळेत मास्तर. लाल पेन्सिल कायम खिशाला. पोरगा मास्तर होईल ही त्यांची आशा मी मोडली आणि बँकेत चिकटलो. बाविसाव्या वर्षी पहिली कथा लिहून भीतभीत त्यांच्या हाती दिली. चार दिवसांनी ती मुकाट्याने टेबलावर आली. पहिली पानं लालेलाल, पुढची कोरी. कंटाळून अर्ध्यावर टाकली, असं मी धरून चाललो. विचारायचं धाडस झालं नाही, आणि मग विचारायला ते उरले नाहीत.

ट्रंकेतला अंक उघडला. पहिल्या पानावर लाल पेन्सिल! मूळचं ‘बंगाल’सारखं वाटणारं नाव टाळून भारतीय आवृत्तीत त्या देशाचं नाव डेंकाली केलं होतं. अण्णांचा शेरा : ‘हा देश नकाशात नाही.’ पुढे, ‘उद्गारचिन्हे आवरा.’ मारामारीतल्या ‘धडाम’वर, ‘कोशात नाही.’ चौथ्या पानावर दोन खुणा. सहाव्यावर एक. मग वेताळ गुहेतून निघतो, गुंडाच्या जबड्यावर कवटीची खूण उमटते, आणि तिथून शेवटच्या चौकटीपर्यंत पेन्सिल लागलेलीच नाही. कोपरे मात्र उलटून उलटून मऊ झालेले. शेवटच्या पानावर आमटीचा डाग. माझा नव्हे, जेवताना वाचायची हिंमत त्या घरात एकाचीच होती.

मी उठलो. कपाटातून ती जुनी कथा काढली आणि तिची कोरी पानं पुन्हा एकदा चाळली. त्यांचेही कोपरे मऊ होते.

“आजोबा, ही रद्दी ना?” नातवाने विचारलं. मी दोन्ही कागद एका खोक्यात ठेवले. ट्रंकेत लाल पेन्सिलीचा तुकडा होता, त्याने वर लिहिलं, ‘महत्वाचे’. मग जीभ चावली आणि राहिलेला अर्धा ‘त’ घातला.