आधी पाठ बघावी

तळहातावर मावेल अशा जिपच्या पिशवीत करड्या रेझिनचे पाच तुकडे होते आणि ज्या किटमध्ये ते बसवायचे, त्याच्या निम्म्या किमतीला मी ते घेतले होते. मिग-२१च्या कॉकपिटची पेटी, खुर्ची, दोन बाजूंच्या भिंती आणि डायलचा फलक. प्रमाण १/४८. भिंगाखाली धरलं तर खुर्चीच्या पट्ट्यांची बकलं सुटी सुटी दिसत होती. घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. बायको म्हणाली, "सुरेख आहे. पण विमान बंद केल्यावर हे दिसणार कुठून?" प्रश्न रास्त होता. तिसऱ्या संध्याकाळी मात्र वेगळीच अडचण उभी राहिली : विमान बंदच होईना.

ही अडचण समजायला हे तुकडे बनतात कसे ते थोडं माहीत हवं. किटमधले भाग पॉलिस्टायरीनचे. ते पोलादी साच्यात दाबानं भरतात आणि साच्याचे दोन भाग सरळ मागे सरकतात. त्यामुळे आत वळलेला कंगोरा किंवा खोल पोकळी त्यातून सहसा निघत नाही. मग धुराड्याचं तोंड भरीव राहतं, खुर्चीची उशी पाटासारखी सपाट आणि पट्ट्यांचा बहुतेक वेळा पत्ताच नसतो. रेझिनवाला मूळ नमुन्यावर सिलिकॉन रबर ओततो आणि त्या साच्यात पॉलियुरेथेन भरतो. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या सोंडेवरून रबरी साचा कसा सोलून काढतात हे ज्यानं पाहिलंय, त्याला पुढचं सांगायला नको. रबर वाकतं, म्हणून आतले कोपरेही शाबूत निघतात. पण ते झिजतंही लवकर. पोलादी साचा हजारो किट देतो, सिलिकॉनचा साचा काही डझन तुकड्यांतच कोपऱ्यांना फाटायला लागतो. फाटल्या जागी रेझिन शिरतं आणि तुकड्यावर चामखिळीसारखे फुगवटे उठतात. म्हणून एकाच नावाच्या दोन पिशव्यांतला माल सारखा निघेल याची खात्री नसते.

१९८०च्या दशकात बेल्जियमच्या फ्रांस्वा वर्लिंडेन यांनी हे तुकडे लोकप्रिय केले. पुढे चेक लोकांनी हा धंदा उचलला. १९८९ साली सुरू झालेली एदुआर्द ही त्यातली सर्वांत परिचित कंपनी, तिच्याशिवाय एरेस आहे, सीएमके आहे. नावं चांगली आहेत, तरी पिशवी उघडून बघण्याला पर्याय नाही.

उघडल्यावर सगळे जण तुकड्याचं तोंड बघतात. मी आता आधी पाठ बघतो. ओतताना रेझिन जिथून आत गेलं, तिथे एक ठोकळा चिकटलेला राहतो आणि तो करवतीनं कापावा लागतो. हा ठोकळा कुठे ठेवलाय यावरून बनवणाऱ्यानं स्वतः कधी विमान जोडलंय की नाही ते कळतं. चाकाचा ठोकळा टायर जमिनीला टेकतो त्या चपट्या जागी असेल तर माणूस जाणता. कापलेली खूण तिथे आपोआप झाकली जाते. तोच ठोकळा टायरच्या नक्षीवर आडवा असेल, तर कापल्यावर नक्षी पुन्हा कोरत बसा. ठोकळा आणि तुकडा यांच्यामध्ये बारीक खाच असावी, म्हणजे करवतीला वाट सापडते. कापताना आणि घासताना पाणी लावावं, तोंडाला मास्क बांधावा. ही भुकटी फुप्फुसात जाण्याच्या लायकीची नाही.

मग बुडबुडे. पॉलियुरेथेनच्या दोन द्रवांपैकी एकाचं पाण्याशी हाडवैर आहे. हवेतल्या दमटपणाशीही ते अभिक्रिया करतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. मुंबईच्या जुलैत घरी ओतकाम करून पाहणाऱ्यांना त्याचा शेवयाच्या जाळीसारखा पुरावा मिळतो. चांगले कारागीर रेझिनमधली हवा निर्वातात ओढून घेतात किंवा दाबाच्या भांड्यात ओततात. वरून दिसणारा बुडबुडा फारसा त्रास देत नाही, फेविक्विकच्या थेंबानं बुजतो. पापुद्र्याखाली दडलेला बुडबुडा घातकी असतो, कारण तो रंगाच्या आदल्या दिवशी काचकागदाखाली उघडा पडतो. तिरक्या उजेडात तुकडा फिरवावा आणि संशय येईल तिथे सुई टोचून बघावी. सपाट जागी चार भोकं मी माफ करतो. पण बुडबुडा एखाद्या खटक्याच्या जागी असेल तर तिथे खटकाच नसतो, तो स्वतः घडवावा लागतो.

मापाबाबत मी हट्टी आहे. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा दरवाजापेक्षा उंच असला तरी चालतो, महाराज बालेकिल्ल्याएवढे असले तरी कुणी हरकत घेत नाही. इथे व्हर्नियर काढावा लागतो. मिग-२१ बिसच्या मुख्य चाकाचं माप ८०० बाय २०० मिलिमीटर. १/४८ मध्ये व्यास १६.७ मिलिमीटर आणि रुंदी ४.२ यायला हवी. त्याहून स्पष्ट कमी आलं, तर मूळ नमुना चुकलाय किंवा तो चोरीचा माल आहे. रेझिन घट्ट होताना किंचित आक्रसतं. कुणाच्या तयार तुकड्यावरच साचा काढून नक्कल विकली, तर ती दुसऱ्यांदा आक्रसते आणि कडा साबणाच्या झिजल्या वडीसारख्या गोल होतात. स्वस्त पिशवीत हे हमखास सापडतं.

जास्तीचा ठळकपणाही मला खटकतो. ०.२ मिलिमीटरचा रिव्हेट डोळ्याला नाजूक वाटतो, पण खऱ्या विमानावर तो जवळपास एक सेंटीमीटरचा होतो. फोटोत असे तुकडे फार उठून दिसतात. रंग चढला की विमान गोवर आल्यासारखं दिसतं.

तुकडा देखणा असून चुकीचा असू शकतो. आपल्या हवाई दलात मिग-२१ १९६३ साली आलं, नाशिकजवळ ओझरला त्याचं उत्पादन झालं आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला ते निवृत्त झालं. इतक्या वर्षांत त्याची बरीच रूपं झाली. एफएल प्रकारात छत एकसंध आणि पुढच्या बाजूला उघडणारं होतं, खुर्ची एसके. वैमानिक बाहेर फेकला जाताना ते छतच त्याच्यापुढे ढाल व्हावं अशी योजना होती. नंतरच्या एम आणि बिस या प्रकारांत छत उजवीकडे उघडतं आणि खुर्ची केएम-१ आहे. बाजारात केएम-१ मुबलक मिळते, म्हणून ती एफएलमध्ये बसवलेली मी प्रदर्शनांत पाहिलीय. तुकडा निर्दोष, विमान चूक.

आता माझी पेटी. किटच्या धडाची भिंत साधारण एक मिलिमीटर जाड होती. खऱ्या मापात तो पाच सेंटीमीटर जाडीचा पत्रा झाला, असं विमान उडणारच नाही. त्या भिंतींच्या आत खऱ्या रुंदीचं कॉकपिट मावत नाही. तुकडा करणाऱ्यापुढे दोनच वाटा असतात : कॉकपिट थोडं अरुंद करायचं, किंवा माप खरं ठेवून भिंती खरवडायचं काम गिऱ्हाइकावर सोडायचं. बरेच जाणकार दुसऱ्या वाटेचं कौतुक करतात. मी पहिल्या वाटेचा आहे. छोट्याशा छतातून आत डोकावताना अर्धा मिलिमीटर कोण मोजतो?

माझी पेटी दुसऱ्या वाटेची होती. शिवाय मिग-२१च्या कॉकपिटखाली पुढच्या चाकाची खोबण असते, म्हणजे खालूनही जागा तंग. सूचनापत्रात पेटीच्या पाठीवर बाण काढून 'घासा' एवढंच होतं. किती घासा, ते नव्हतं. मी कापण्याआधी कोरडी जुळणी करून बघायला हवी होती : धडाचे दोन भाग चिकटपट्टीनं धरायचे, पेटी मध्ये ठेवायची, फट मोजायची. पाच मिनिटांचं काम. बकलांच्या नादात राहून गेलं. भिंती इतक्या पातळ केल्या की दिव्याचा उजेड आरपार दिसू लागला, तरी वरची कड मिटेना आणि त्यामुळे छत बसेना.

वजनाचंही एक प्रकरण आहे. रेझिनचा तुकडा भरीव असतो. शेपटातलं धुराडं रेझिनचं घातलं की तीन चाकी विमान मागे कलून बसतं, मग नाकात शिशाच्या गोळ्या भरा. चाकांचे पाय तर मी रेझिनचे घेतच नाही. वाकडा तुकडा गरम पाण्यात धरला की सरळ होतो, त्याच गुणामुळे बारीक पाय वर्षानुवर्षं भार सोसताना हळूहळू वाकतात आणि विदर्भाच्या मे महिन्यात जरा लवकर वाकतात. तिथे धातूचेच बरे.

अलीकडे ओतीव तुकड्यांची जागा थ्रीडी प्रिंटरवर छापलेले तुकडे घेताहेत. त्यांना बुडबुडे नाहीत, ठोकळा नाही, पण थर आहेत. ०.०५ मिलिमीटरचा थर १/४८ मध्ये खऱ्या मापानं २.४ मिलिमीटर होतो आणि गोल पृष्ठभागावर पायऱ्यांसारखा दिसतो. प्रायमरचा पहिला हात देईपर्यंत त्या पायऱ्या लपून असतात, म्हणून तुकडा इथेही तिरक्या उजेडात बघायचा. आधाराच्या काड्या कुठे चिकटवल्यात ते पाहायचं, म्हणजे पुन्हा पाठच. हाताला चिकट लागला किंवा उग्र वास आला तर तो पुरता कडक झालेला नाही. उलट जास्तच कडक झालेली काडी कापताना काचेसारखी तुटते. त्यामुळे नाजूक छापील तुकड्याला मी कात्री लावत नाही, सावकाश करवत चालवतो.

ते मिग अखेर किटच्याच साध्या पेटीवर जोडलं. पातळ झालेल्या भिंतींना आतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावाव्या लागल्या. रेझिनची फक्त खुर्ची वापरली आणि ती दिसावी म्हणून छत उजवीकडे उघडं ठेवलंय. ती पाच तुकड्यांतली पेटी टेबलावर आहे, तिच्यात ०.३ मिलिमीटरची ड्रिलं ठेवतो. पाठ पूर्ण घासलीच गेली नाही, त्यामुळे चांगली जड आहे, धक्का लागला तरी हलत नाही.