शिडाचं पोट

वेसाव्याचे एक बाबा गेले तेव्हा त्यांची ओळख सांगताना कोळीवाड्यात कुणी होडी हाकणारे तांडेल म्हणालं, कुणी शिडं शिवणारे म्हणालं. दोन्ही खरं होतं, आणि माझ्या मते ते एकच काम होतं. मोसमात ज्या हातांनी त्यांनी शिडाचा दोर धरला, त्याच हातांनी पावसाळ्यात ते शीड उसवून पुन्हा शिवलं. म्हणूनच कुणी शीड सांगायला आलं की बाबा आधी होडी बघायला निघत. वाऱ्यावर ती किती कलते, नाळ पाण्यात दाबते का, सुकाणू हाताला ओढ देतं का, हे सगळं विचारून घेतल्याशिवाय कात्री हातात येत नसे.

मी त्यांच्याकडे जाऊ लागलो तोवर वेसाव्यात शिडावर मासेमारी उरली नव्हती. १९५० नंतर सरकारी कर्जं आणि मच्छीमार सोसायट्यांच्या आधाराने होड्यांवर इंजिनं चढत गेली. शीड आधी अडीनडीचं झालं, मग अडगळीचं. बाबा ताडपत्र्या शिवू लागले. आगोटीच्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढल्या की त्यांच्यावर पांघरूण लागतंच. कोपऱ्याला तिपदरी ठिगळ, कडेला दोर भरलेला. त्यांची ताडपत्री बघूनच कळायचं की शिवणाऱ्याने वारा ओळखला आहे.

मग मनोरीच्या खाडीतल्या एका लहान होडीला शीड हवं झालं. मालकाची हौस होती. ते काम मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळ बसून पाहिलं.

आपल्याकडच्या मचव्याचं शीड पुरतं तिकोनी नसतं. भूमध्य समुद्रातल्या जुन्या शिडांना पुढे टोक असतं. अरबांकडे आणि आपल्याकडे ते छाटून तिथे आखूड बाजू ठेवतात. वरची लांब बाजू तिरक्या वाशाला बांधायची, मागची आणि खालची बाजू मोकळी. ताण सगळ्यात जास्त येतो तो मागच्या कडेवर, तिला धरणारं तिथे काहीच नसल्यामुळे. म्हणून कापडाचे पट्टे त्या कडेला समांतर लावायचे, म्हणजे कापडाचा ताणा ताणाच्याच दिशेने जातो. पट्टे तिरके पडले तर कड लोंबू लागते आणि असं शीड दुरुस्त होत नाही.

अंगणात खुंट्या ठोकून बाबांनी सुतळीने शिडाचा आकार आखला. वाशाकडची बाजू मात्र सुतळीवर कापली नाही, तिच्या बाहेर फुगीर कापली. मी कारण विचारलं, तर त्यांनी उत्तर न देता वासा उचलून दोन टोकांवर ठेवला आणि मध्ये पायाने दाबला. वासा वाकला. वाऱ्यात तो तसाच वाकणार. कापड सरळ कापलं तर तिथे ताणून सपाट होईल. फुगीर कापलं तर जादा कापड आत सरकतं आणि शिडाला पोट येतं. पोटाशिवाय शीड म्हणजे वाळत घातलेली चादर. पण पोट फार मोठं झालं तर वारा वाढताच होडी कलंडायला बघते. म्हणून वासा किती लवचीक, होडी किती रुंद, ती हाकणारा किती धीराचा, यावर तो फुगवटा ठरतो. बाबांनी तो नजरेनेच धरला. पट्ट्यांचे जोडही त्यांनी मध्यापेक्षा टोकांना थोडे जास्त चढवले. तेवढ्यानेही कापडाला खोली येते.

लांब जोड मशीनवर घालायला त्यांची ना नव्हती. कडेच्या दोराचं काम मात्र हातानेच. दोर आधी भिजवून, वजन टांगून ताणून घेतला होता, नाहीतर पहिल्याच मोसमात तो लांबतो आणि सगळा भार कापडावर येतो. तळहाताला चामडं, दोऱ्याला मेण. दाभण दोराच्या पिळांच्या मधून जायचा, पीळ छेदून कधीच नाही. टाका पिळाच्या चालीने पुढे सरकायचा.

काम करताना ते दर्याचं बोलत. पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर जायचं, दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परतायचं. वाऱ्याची बाजू बदलताना सगळा वासा डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यायचा, तेव्हा हात चुकला तर माणूस पाण्यात. नव्या सुती शिडाला पहिले काही दिवस जोराचा वारा दाखवायचा नाही आणि दोर खेचून बांधायचा नाही. कापड सावकाश मुरलं की आकार टिकतो. हे नियम त्यांना कुणी शिकवले नव्हते. ते चुकल्यावर काय होतं, हे त्यांनी पाण्यावर पाहिलं होतं.

शीड हाकणारा आणि शिवणारा एकच, हे जगात इतरत्रही दिसतं. डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रॉम यांनी १९४८ ते १९६० या काळात लागोपाठ चार ऑलिंपिकमध्ये शिडाच्या शर्यतीत सुवर्ण मिळवलं आणि १९५४ मध्ये शिडांचा कारखाना काढला. अमेरिकेचे लोवेल नॉर्थ १९५७ पासून शिडं बनवत होते. १९६८ चं ऑलिंपिक सुवर्ण त्यांचं. आपले दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’वर एकटे निघाले आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. असा एकटा निघालेला माणूस शीड फाटलं तर कुणाला हाक मारणार? आता बाबा गेले, आणि त्यांच्या फुगवट्याचं माप कागदावर नाही. केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था वेसाव्यातच आहे आणि शिडाचा दोर धरलेले काही म्हातारे हात कोळीवाड्यांत अजून आहेत. ती मापं संस्थेने त्यांच्याकडून उतरवून घ्यायला हवीत, आणि तीही लवकर.

मनोरीला शीड चढलं तेव्हा सगळ्यांना ते सुरेख वाटलं. बाबा सुकाणूवर बसले, थोडं अंतर गेले आणि वर पाहू लागले. सुकाणू एका बाजूला ओढत होतं. मागची कड वाऱ्याकडे वळून वाटीसारखी झाली होती. तिथला दोर कापडाच्या मानाने आखूड पडला होता. खालून बघणाऱ्या आम्हा कुणाच्या ते लक्षात आलं नसतं, त्यांना ते हाताने कळलं. किनाऱ्याला लागताच त्यांनी शीड उतरवलं, तिथेच वाळूत बसून मागच्या कडेचे टाके उसवले आणि दोर चार बोटं जास्त सोडून कड पुन्हा शिवायला घेतली.