वर्कबेंच आपलीशी करताना : ९
पुणे गेलं, हिमायतनगर वाचलं

या आठवड्यात कीबोर्डच्या शॉर्टकटांवर लिहिणार होतो, पण ते आता पुढच्या वेळी. हिमायतनगरहून (हैदराबादच्या, नांदेडच्या नव्हे) एका वाचक भगिनीचं पत्र आलं आणि त्यातल्या कोड्याने मला झपाटलं.

त्यांच्या जावा प्रोग्रॅममध्ये गावांची मराठी यादी आहे. सहकाऱ्याने ती फाइल विंडोजवरच्या जुन्या एक्लिप्समध्ये उघडली, तर नावांच्या जागी रोमन चिन्हांचा कचरा. एका ओळीत किरकोळ दुरुस्ती करून तो सेव्ह करायला गेला. इशारा आला, त्याने 'सेव्ह ॲज यूटीएफ-८' दाबलं. बाईंनी नंतर उलटं रूपांतर करून पाहिलं. हिमायतनगर, हैदराबाद, नांदेड परत आली. पुणे आणि मुंबई काही आली नाहीत. नेमकी हीच दोन का?

यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं. 'म' म्हणजे ई०, ए४, एई. एन्कोडिंगचं सेटिंग विंडोजचं जुनं सीपी-१२५२ असेल तर एक्लिप्स हे तिन्ही सुटे वाचतं: डोक्यावर तिरकी रेघ असलेला 'ए', चलनाचं चिन्ह आणि वर्तुळातला 'आर'. दीर्घ वेलांटीच्या जागी तर येन आणि युरो उमटतात! दिसायला भयंकर, पण इथवर मजकूर शाबूत असतो.

मेख पुढे आहे. सीपी-१२५२च्या तक्त्यात ५ घरं रिकामी आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१, अक्षराचा पाय मोडणाऱ्या चिन्हाचा ८डी, 'झ'चा ९डी. रिकाम्या घराचा बाइट आला की जावा त्याजागी एकच ठरावीक 'अज्ञात' खूण ठेवते. तशीच फाइल सेव्ह केली की मूळ बाइट कायमचा गेला. पुणे-मुंबईत उकार आहे. हिमायतनगरात ना उकार, ना जोडाक्षर, म्हणून ते सुखरूप परतलं.

आता उपाय. विंडो, प्रेफरन्सेस, जनरल, वर्कस्पेस या वाटेने एन्कोडिंग बदलता येतं, पण ते फक्त तुमच्या वर्कस्पेसपुरतं. सहकाऱ्याला त्याचा उपयोग नाही. त्याऐवजी प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रिसोर्स'खाली यूटीएफ-८ निवडा. ही नोंद प्रोजेक्टमधल्याच, टिंबाने सुरू होणाऱ्या 'सेटिंग्ज' फोल्डरमध्ये होते. ते फोल्डर गिटमध्ये टाका. अनेक टीम ते सरसकट वगळतात, आणि मला ते मनापासून खटकतं. फॉन्ट, रंग, थीम ही ज्याची त्याची आवड. ती ज्याच्या त्याच्या मशीनवर राहावी. एन्कोडिंग मात्र मजकुराचं आहे. त्याने मजकुराबरोबरच प्रवास करायला हवा.

एक्लिप्सलाही हे पटलेलं दिसतं. २०२२-०६ या आवृत्तीपासून नव्या वर्कस्पेसचं एन्कोडिंग यूटीएफ-८ असतं, आणि प्रोजेक्टला स्वतःचं एन्कोडिंग दिलेलं नसेल तर पिवळा इशारा येतो. तो झटकू नका; क्विक फिक्स एका क्लिकवर आहे.

आणि कधी असा कचरा दिसलाच, तर सेव्हला हात लावू नका. एडिट मेन्यूतल्या 'सेट एन्कोडिंग'मध्ये जाऊन यूटीएफ-८ निवडा. गावं जागच्या जागी दिसली, की मगच दुरुस्तीला लागा.