कुंपणबंद निवासी वसाहती व पर्यावरण

सभोवती भिंत व नियंत्रित प्रवेशद्वार असलेल्या आणि आतील रस्ते, पाणी, सांडपाणी यांची व्यवस्था सामायिकपणे चालविणाऱ्या गृहसमूहास कुंपणबंद वसाहत म्हणतात. तटबंदीच्या आत वसती करण्याची कल्पना जुनी आहे. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीचे पाणी घेण्यात आले. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या कारकीर्दीत इ. स. १६१३ च्या सुमारास बांधलेल्या तेथील बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. तट भक्कम असला, तरी पाणी बाहेरच्या नदीचेच होते. आधुनिक वसाहतींची स्थितीही याहून वेगळी नाही.

हा जिल्हा अवर्षणप्रवण आहे. येथील कठीण बेसाल्ट खडकात पाणी मुख्यतः भेगांत व वरच्या झिजलेल्या थरांत साठते. कुंपणाची भिंत भूजलास अडवीत नाही. त्यामुळे वसाहतीतील खोल विंधन विहिरींच्या उपशाने शेजारच्या शेतातील विहीर आटू शकते. फरसबंदीमुळे पाणी मुरणे कमी होते, तर सांडपाणी व कचरा बाहेरच्या ओढ्यांत जाण्याचा संभव असतो.

उपायांचे सापेक्ष महत्त्व पुढील हिशेबावरून कळते. एक हजार वस्तीच्या वसाहतीस दरडोई १३५ लि. प्रमाणे रोज १,३५,००० लि. पाणी लागते. ७०० मिमी. पाऊस व ८० टक्के संकलन धरल्यास ५,००० चौ. मी. छतावरून वर्षाला २८ लाख लि., म्हणजे सु. २१ दिवसांचे पाणी मिळते. याउलट शौचालयांसाठी दरडोई ४५ लि. शुद्ध केलेले सांडपाणी वापरल्यास वर्षाला सु. १ कोटी ६४ लाख लि. पाणी वाचते. म्हणून पर्जन्यजलसंकलन आवश्यक असले, तरी सांडपाण्याचा पुनर्वापर अधिक फलदायी ठरतो.

केंद्र शासनाच्या २००६ च्या अधिसूचनेने २०,००० चौ. मी. व त्याहून अधिक बांधकामास पूर्वपर्यावरण मंजुरी आवश्यक केली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौ. मी.हून मोठ्या वसाहतींवर जागीच कचरा वर्गीकरणाचे बंधन घातले. भूजलाच्या नियमनासाठी महाराष्ट्राचा २००९ चा अधिनियम आहे. तथापि मंजुरी विकासक मिळवितो आणि शुद्धीकरण यंत्रणेचा नित्य खर्च रहिवाशांवर पडतो. तो देण्याची त्यांची तयारी नसल्यास यंत्रणा बंद पडते व तिचे परिणाम कुंपणाबाहेरच्या लोकांना भोगावे लागतात.